शिक्षेनंतरचे साठ दिवस
गांजाच्या लागवडीचा गुन्हा, अपील आणि गावाचे कर्तव्य

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील, महसूल कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुन्हा कसा टाळावा आणि गुन्हेगारास कसे पकडावे, याविषयी अशा मेळाव्यांतून पुष्कळ बोलले जाते. न्यायालयाने शिक्षा फर्मावल्यानंतर काय होते, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. निकाल लागला, माणूस तुरुंगात गेला, की गावाच्या लेखी प्रकरण मिटते. कायद्याच्या लेखी ते त्या दिवशी मिटलेले नसते. शिक्षा झालेल्या व्यक्तीला वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क असतो, आणि त्या हक्काला मुदत असते. गांजाच्या किंवा अफूच्या लागवडीबद्दल शिक्षा झाली असता हा हक्क कसा बजावावा आणि त्यात आपणा सर्वांचा वाटा कोणता, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. अपिलाच्या हक्काविषयी बोलणे म्हणजे गांजाच्या शेतीची तरफदारी करणे नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः शिरपूरच्या परिसरात, पोलिसांनी गांजाची उभी शेते वेळोवेळी नष्ट केली आहेत. २०१२ साली बीड जिल्ह्यात अफूची लागवड उघडकीस आली होती. या पिकांनी कोणत्याही गावाचे कल्याण झालेले नाही. ज्याने खरोखर गुन्हा केला त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शिक्षा झालेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा कर्ता होता का, आणि झालेली शिक्षा त्याच्या कृत्याच्या मानाने योग्य होती का, हे दुसऱ्यांदा तपासण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. तिचा उपयोग होणे हाही कायद्याचाच अंमल होय.

कायदा काय म्हणतो

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा केंद्रीय अधिनियम १९८५ चा असून तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. लोक त्याला एनडीपीएस कायदा या नावाने ओळखतात. त्याच्या ८ व्या कलमान्वये गांजाच्या म्हणजे कॅनाबिसच्या झाडाची, अफूच्या झाडाची व कोकाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे. वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारणासाठी, कायद्याने ठरविलेल्या रीतीने आणि परवान्याने होणारी लागवड तेवढी त्यास अपवाद आहे. अफूच्या लागवडीचे परवाने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांत दिले जातात. महाराष्ट्रात ते दिले जात नाहीत. खसखस ज्या बोंडातून निघते त्याच बोंडातून अफू निघते. तेव्हा “मी खसखस लावली होती” या उत्तराने कोणाची सुटका होत नाही, हे शेतकरी बांधवांच्या कानावर घालणे आवश्यक आहे.

गांजाच्या झाडांच्या लागवडीबद्दल कलम २० मध्ये दहा वर्षांपर्यंतचा सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. मूळ कायद्यात ही मर्यादा पाच वर्षे व पन्नास हजार रुपये इतकी होती; २००१ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. येथे ‘पर्यंत’ या शब्दाला फार महत्त्व आहे. लागवडीच्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरविलेली नाही. दोन झाडे लावणारा आणि दोन एकर शेत लावणारा यांच्यात फरक करणे न्यायाधीशांच्या हाती ठेवले आहे.

गांजा बाळगण्याच्या गुन्ह्याचे तसे नाही. तेथे वजनाप्रमाणे शिक्षा बदलते. एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते. वीस किलोच्या वर गेले की ते व्यापारी प्रमाण ठरते, आणि मग शिक्षा किमान दहा व कमाल वीस वर्षांची होते. त्यामुळे शेतातील उभी झाडे मुळासकट उपटून तोलली आणि त्या वजनावरून व्यापारी प्रमाणात गांजा बाळगल्याचाही आरोप ठेवला, तर आरोपीच्या आयुष्यातील कितीतरी वर्षांचा फरक पडतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे होत. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. मुळे आणि खोड यांचा तर तीत उल्लेखही नाही. म्हणून निकालपत्र हाती पडताच पहिली गोष्ट पाहावयाची ती ही, की शिक्षा लागवडीबद्दल झाली आहे, बाळगण्याबद्दल झाली आहे, की दोहोंबद्दल.

अपील कोठे व किती दिवसांत

हे खटले विशेष न्यायालयात चालतात. तेथील शिक्षेविरुद्धचे अपील उच्च न्यायालयाकडे जाते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून अपिलाची तरतूद नव्या संहितेच्या ४१५ व्या कलमात आहे. पूर्वीच्या संहितेत ती ३७४ व्या कलमात होती. धुळे, नंदुरबार, जळगाव, बीड अशा जिल्ह्यांतील अपिले छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जातात. विदर्भासाठी नागपूरचे खंडपीठ आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले आहे. त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठलीच पाहिजे, अशी परिस्थिती आता बहुतेक जिल्ह्यांत नाही.

मुदत साठ दिवसांची आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमात ती सांगितली असून शिक्षेच्या दिनांकापासून ती मोजली जाते. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यास लागणारा आवश्यक काळ त्यातून वजा होतो. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तेथल्या तेथे व विनामूल्य मिळाली पाहिजे, असा नियम आहे; ती मागून घ्यावी व जपून ठेवावी. साठ दिवस उलटले तरी पुरेसे कारण दाखवून विलंब माफ करण्याची विनंती करता येते. दरवाजा बंद झाला असे समजून कोणी घरी बसू नये. मात्र विलंबाचे कारण सांगत बसण्यापेक्षा वेळेत अर्ज करणे केव्हाही श्रेयस्कर.

तुरुंगातील बंद्याला अपिलासाठी बाहेर यावे लागत नाही. तो आपला अपिलाचा अर्ज व निकालाची प्रत तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे देऊ शकतो, आणि त्या अधिकाऱ्याने ती कागदपत्रे न्यायालयाकडे पाठवावयाची असतात. ही तरतूद नव्या संहितेच्या ४२४ व्या कलमात आहे. अर्जाची भाषा साधी असली तरी चालते. मला झालेली शिक्षा मान्य नाही, मला अपील करावयाचे आहे आणि माझ्याजवळ वकील नाही, एवढे स्पष्ट लिहिले म्हणजे पुढील वाट मोकळी होते.

वकील कोण देणार?

खेड्यातील कुटुंब अपिलाच्या विचाराने कचरते ते मुख्यतः खर्चाच्या भीतीने. खालच्या कोर्टातच बैल विकले गेले, दागिने गहाण पडले, आता वरच्या कोर्टाला पैसा आणावयाचा कोठून, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर राज्यघटनेत आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७८ साली, महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी महत्त्वाचा निर्णय दिला. त्या प्रकरणातील बंद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर मिळाली नव्हती आणि त्याची विनंती चार वर्षांहून अधिक विलंबाने सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. बंद्याला निकालाची प्रत वेळेत व विनामूल्य मिळणे आणि गरज असल्यास अपिलासाठी वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा, म्हणजेच अनुच्छेद २१ चा भाग आहे, असे त्या निर्णयात ठरले. निकालाची प्रत हा तेव्हापासून मेहरबानीचा विषय राहिलेला नाही.

पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. तिचे उत्पन्न पाहिले जात नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे, तर तालुक्याच्या न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय असते. दूरध्वनीवरून विचारणा करण्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शिक्षा तहकूब होते का?

अपील दाखल झाले म्हणजे माणूस आपोआप सुटत नाही. शिक्षेची अंमलबजावणी तहकूब करून जामीन मिळावा, असा वेगळा अर्ज करावा लागतो. या कायद्याच्या बाबतीत ही वाट काही काळ बंद होती. १९८९ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ घालण्यात आले आणि या कायद्याखालील बहुतेक शिक्षा तहकूब करण्यास मनाई झाली. ऑक्टोबर २००० मध्ये, पुन्हा महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हे कलम न्यायालयाचा शिक्षा तहकूब करण्याचा अधिकार काढून घेते तेवढ्यापुरते घटनाबाह्य ठरविले. अपिलाचा हक्क द्यावयाचा आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पूर्ण शिक्षा भोगावयास लावावयाची, यात हक्क नावापुरताच उरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निर्णयाचे महत्त्व पटते. मात्र व्यापारी प्रमाणाचा आरोप सिद्ध झाला असेल, तर कलम ३७ च्या कडक अटी ओलांडाव्या लागतात. खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, हेही कुटुंबाला सांगितले पाहिजे.

शिक्षा झालेल्याने केलेल्या अपिलात उच्च न्यायालय त्याला निर्दोष सोडू शकते, फेरचौकशीचा आदेश देऊ शकते किंवा शिक्षा कमी करू शकते. त्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही. वाढ हवी असल्यास सरकारला त्यासाठी वेगळे अपील करावे लागते. “वर गेलो तर शिक्षा दुप्पट होईल” ही भीती अनेकांना अपिलापासून दूर ठेवते. ती निराधार आहे, हे समजावून सांगावे.

अपिलात काय पाहिले जाते?

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. सहा एकर जमीन वडिलांच्या नावे आहे. वडील थकलेले. तीन भावांपैकी एक शहरात कामाला, एक गावात, आणि तिसऱ्याचा हिस्सा बटाईने दुसऱ्याला दिलेला. तुरीच्या ओळींत गांजाची झाडे सापडतात. सातबारावर वडिलांचे नाव, शेताजवळच्या घरी सापडला तो गावातला भाऊ. तोच आरोपी होतो. झाडे कोणत्या गटाच्या कोणत्या हिश्श्यात होती, तो हिस्सा कोण वहीत होता, हे पंचनाम्यात लिहिलेच नाही, तर या माणसाला दोषी ठरविण्यास आधार काय?

कायद्यात आरोपीविरुद्ध गृहीतके आहेत हे खरे. कलम ५४ प्रमाणे, आरोपीने कसलेल्या जमिनीत अशी झाडे आढळल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, त्याने गुन्हा केल्याचे गृहीत धरता येते. परंतु त्या कलमाचे शब्द ‘त्याने कसलेली जमीन’ असे आहेत. ती जमीन त्याने कसली, ही पायाभूत गोष्ट आधी फिर्यादी पक्षाने सिद्ध करावयाची असते. पायाभूत गोष्टी सिद्ध झाल्यावाचून गृहीतक लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निर्णयात स्पष्ट केले आहे. २००४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या, उत्तर प्रदेशातील गांजाच्या लागवडीच्या प्रकरणात तर त्याच न्यायालयाने शिक्षा रद्द केली. जमिनीत काही झाडे आढळली एवढ्याने लागवड सिद्ध होत नाही. जमिनीत पडलेले बी आपोआपही रुजते, आणि आपोआप उगवलेले झाड म्हणजे लागवड नव्हे, असे तेथे सांगितले गेले. हे सर्व अपिलात निष्पन्न झाले, हे विसरता कामा नये. त्या माणसाने अपील केले नसते, तर त्याची शिक्षा जशीच्या तशी राहिली असती.

याखेरीज उच्च न्यायालय पुढील गोष्टी तपासते. मिळालेली खबर लिहून वेळेत वरिष्ठांना कळविली होती का? जप्त माल मोहोरबंद होता का, तो कोणाच्या ताब्यात होता? नमुने कायद्यात सांगितल्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले होते का? रासायनिक विश्लेषकाकडे पोचलेला नमुना त्याच शेतातील होता का? आरोपीने तपास अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीवर शिक्षा उभी आहे का? कलम ६७ खाली घेतलेला असा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरविले आहे. प्रत्येक उणिवेने आरोपी सुटतो असे मात्र कोणी समजू नये. उणीव किती मूलभूत आहे, हे न्यायालय पाहते. गुन्हा सिद्ध झाल्याचे मान्य करूनही आरोपीचे वय, झाडांची संख्या, पूर्वीची वागणूक, घरची स्थिती यांचा विचार करून शिक्षा कमी करावी, अशी विनंती करता येते.

गावाचे दप्तर, गावाची साक्ष

आता आपल्या जबाबदारीकडे वळतो. वर सांगितलेले बहुतेक प्रश्न उच्च न्यायालयात विचारले जातात, पण त्यांची उत्तरे गावात लिहिलेली असतात. गाव नमुना सात जमीन कोणाच्या नावे हे सांगतो. गाव नमुना बारा पीक कोणते हे सांगतो. पीक पाहणी चावडीत बसून भरली, तर उद्या एखाद्या निरपराध माणसाला आपली निर्दोषता दाखविण्यास कागद उरत नाही, आणि खऱ्या गुन्हेगाराविरुद्धही कागद उरत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकऱ्याला आपल्या पिकाचे छायाचित्रासह नाव नोंदविता येते. जमीन बटाईने किंवा ठोक्याने दिली असेल, तर तिचा करार लेखी असावा. हा सल्ला केवळ पैशाच्या व्यवहारापुरता नाही, हे वरील उदाहरणावरून लक्षात येईल.

पंच म्हणून सही करणाऱ्यांनी दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. पंचनामा शेतात उभे राहून, झाडे मोजून, गट क्रमांक व चतुःसीमा पाहून करावयाचा असतो. पोलीस ठाण्यात बसून केलेल्या सहीने खटलाही पडतो आणि निरपराध माणूसही भरडला जातो. जे पाहिले तेच लिहिले आहे का, हे वाचून मगच सही करावी, आणि साक्षीच्या पिंजऱ्यातही तेच सांगावे.

तिसरी गोष्ट कर्तव्याची आहे. या कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी अधिकारी, पंच, सरपंच व गावकामगार यांनी बेकायदा लागवडीची माहिती कळताच पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला तत्काळ दिली पाहिजे. त्यात हयगय करणे शिक्षेस पात्र आहे. जमीनधारकावरही कलम ४६ ने तसेच कर्तव्य सोपविले आहे. झाडे वीतभर असताना कळविले, तर एक पीक उपटले जाते. डोळेझाक करून ती पुरुषभर वाढू दिली, तर एक घर उद्ध्वस्त होते.

शिक्षक बंधुभगिनींकडे मी एक वेगळेच काम सोपवितो. शिक्षा झालेल्या माणसाची मुले आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या आईला निकालपत्र वाचता येत नाही. पुष्कळदा ते इंग्रजीत असते. आपण ते वाचून दाखवावे, साठ दिवसांची तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, विधी सेवा प्राधिकरणाला द्यावयाचा अर्ज लिहून द्यावा. गुन्ह्याची बाजू घेतल्याचा दोष त्याने कोणावर येत नाही. त्या मुलांना गावाने वाळीत टाकू नये, हेही आपणच सांगू शकता. बापाला झालेली शिक्षा न्यायालयाने मुलांना दिलेली नाही.

सरकार एका हाताने शिक्षा देते आणि दुसऱ्या हाताने तिच्याविरुद्ध वकील पुरविते, हे कित्येकांना विचित्र वाटते. मला त्यात विसंगती दिसत नाही. दहा वर्षे ही माणसाच्या आयुष्यातील फार मोठी रक्कम आहे. ती वसूल करण्यापूर्वी हिशेब दुसऱ्यांदा तपासून पाहावा, एवढाच अपिलाचा अर्थ आहे. हिशेब बरोबर निघाला तर शिक्षेला अधिक बळ येते. चुकला असेल तर एक निरपराध माणूस आपल्या घरी परत येतो. दोन्ही परिणामांत कायद्याची प्रतिष्ठा वाढते.

आपल्या गावात, आपल्या पंचक्रोशीत अशी शिक्षा झाल्याचे कळेल, तेव्हा आपणांपैकी कोणीतरी त्या घरी जाऊन तीन प्रश्न विचारावेत, एवढे मागणे मागून मी आपली रजा घेतो. निकालाची प्रत मिळाली का? साठ दिवसांपैकी किती उरले? वकील मिळाला का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवून देण्यास पैसा लागत नाही. अर्धा दिवस व थोडी आस्था लागते.